पेठ नाक्यावर राहू नका

"नाशकात राहायला बरी वस्ती कोणती हो?"

कंडक्टर रंगनाथने तिकीट फाडता फाडता मान वर केली, आणि तिकीट भलतीकडेच फाटलं. अठ्ठ्याहत्तर सालची ती पेठहून नाशकाला निघालेली एस.टी. विचारणारी चांगुणा खिडकीशी, शेजारी तिचे वडील कोंडाजी, चक्क घोरत. नर्सिंग शिकायला तिला दोन वर्षं नाशकात काढायची होती. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत मनाजोगी खोली मिळाली नाय, तर याच गाडीनं माघारी. शिक्षण बंद!

"रामकुंडाकडं?"

"पहाटेपासून घंटा. झोप विसरा."

"नाशिकरोड?"

"लांब पडेल. शरणपूर रोड बघा, स्टँडजवळ."

"अन् तुम्ही कुठं राहता?"

रंगनाथ घंटीची दोरी ओढायचा विसरला. गाडी थांब्यावर तशीच उभी; ड्रायव्हर खेकसला तेव्हा कुठे दोरी हलली.

"पेठ नाक्यावर. पण... तिथं राहू नका."

"का?"

तो घाईनं पुढच्या प्रवाशाचं तिकीट फाडायला सरकला. आणि चांगुणाला तर लहानपणापासूनची खोड — 'हात लावू नको' म्हटलेला डबा आधी उघडायचा!

शरणपूर रोडला खोली मिळेना. उन्हं कलली तेव्हा तिनंच वडिलांना पेठ नाक्यावर नेलं. तिथं सुमनबाई नावाच्या शिक्षिकेची खोली होती. दारात कडुनिंब, पाण्याला नळ. कोंडाजींनी चहा घेतला आणि म्हणाले, "हितंच ऱ्हा."

सगळं छान होतं. मग तो नको का म्हणाला? आठवडाभर तिला चैन पडेना. रोज संध्याकाळी त्याची गाडी नाक्यावरून गच्च भरून जाई, आणि हा तिकिटांत मान खुपसलेला.

शनिवारी घरी जायला ती नाक्यावर थांबलीच नाही. उलटी चालत स्टँडवर आली आणि रिकाम्या गाडीत बसली.

"सुमनबाईंकडं राहता ना? तुमच्या घरावरनंच जाते की गाडी! इथं कशाला आलात?" रंगनाथ चकित.

"'तिथं राहू नका' का म्हणालात, ते विचारायला."

त्याने टोपी उगाच सारखी केली. "नाक्यावर गर्दी उसळते. तिकिटांतनं मान वर होत नाही. इथं पंधरा मिनिटं गाडी रिकामी असते. म्हटलं, तुम्ही स्टँडजवळ राहिलात तर दर शनिवारी..."

"मग तेव्हाच सांगायचं!"

"वडील होते."

"घोरत होते."

"मला तुम्ही आवडता," तो एका दमात म्हणाला.

चांगुणाला इतका आनंद झाला की ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

"खोली मी सोडायची नाय," ती हळूच म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "शनिवारी येईन की चालत. पण तुमचं घर नाक्यावरच ना? पुढंमागं सामान हलवायचं झालंच... तर जवळ बरं."

रंगनाथने खण्णकन दोरी ओढली. ड्रायव्हर अजून टपरीवर चहा पीत होता.