वैशाखातला कंदील

"कंदील? आत्ता?" लालबागच्या त्या सजावटीच्या दुकानातल्या काकांनी मेघनाकडे असं बघितलं, जणू तिने भर उन्हात लोकरीचा स्वेटर मागितला होता. "ताई, मे महिना तोंडावर आलाय. दिवाळीला या."

मेघनाला अगदी हेच हवं होतं. तिने मोबाइल काकांच्या आणखी जवळ नेला. "म्हणजे उन्हाळ्यात कंदील मिळतच नाही?"

"घेणार कोण, सांगा?"

"थँक्यू, काका!" तिने कॅमेरा स्वतःकडे वळवला. "तर मंडळी, मी तुमची दुर्बीण. ऐकलंत ना? आता बोला—"

"बोलू?" बाजूने कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. एक उंच, सडसडीत मुलगा उभा होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबलचक वळकटी, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत दाबून ठेवलेलं हसू.

"मी मंडळींना म्हटलं," मेघना फणकारली.

"मी पण मंडळीच की."

"माझा व्हिडिओ खराब केलात तुम्ही."

"परत घ्या ना. काका काय पळून चाललेत?"

काका खरोखरच कुठे जात नव्हते. ते मजा बघत होते. मेघनाला राग यायला हवा होता. पण त्या मुलाचं बोलणं इतकं सावकाश होतं, की राग मध्येच कुठेतरी हरवून गेला.

"काय आहे त्यात?" तिने वळकटीकडे बोट दाखवलं.

"तुम्ही डिटेक्टिव्ह दिसता. ओळखा."

तिने वळकटी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "पडद्याचा रॉड!"

"चुकलात," तो हसला. "पण कॉन्फिडन्स एक नंबर."

त्याचं नाव संघर्ष. "नाव संघर्ष आणि बोलता इतकं हळू?" असं ती म्हणाली, आणि तो लाजला. लाजणारा मुलगा मेघनाने फार दिवसांत बघितला नव्हता. दुकानातून बाहेर पडेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि सिग्नलपर्यंत नंबरही दिले-घेतले गेले.

मेघना घाडी दादरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांची नजर तपासायची. दिवसभर "वरची ओळ वाचा, आता खालची" चालायचं. संध्याकाळ मात्र 'बंद फाइल' नावाच्या ऑनलाइन ग्रुपची. न सुटलेल्या खुनांची जुनी कात्रणं समोर ठेवायची आणि घरबसल्या छडा लावायचा, असा तिथला उद्योग. पोलीस थकले, वकील थकले, तरी या मंडळींचं समाधान व्हायचं नाही. आणि त्यांच्यात मेघनाचा, म्हणजे 'दुर्बीण'चा, मोठा दरारा होता.

सध्या सगळे गणपत फोटोवाल्याच्या केसवर तुटून पडले होते. तीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी, परळच्या आपल्या छोट्या स्टुडिओत गणपत मेलेला सापडला होता. डोक्यात घाव. खुनी कधीच मिळाला नाही. त्याला शेवटचं भेटलेला माणूस म्हणजे जवळच्या चाळीतले गिरणी कामगार बाबुराव. आदल्या संध्याकाळी गणपत आमच्याकडे आला, घरच्यांचा फोटो काढला आणि गेला, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना सोडून दिलं. तो फोटोही तेव्हा पेपरात छापून आला होता. गॅलरीत हसत उभी असलेली माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर... कंदील!

ते मेघनाच्या नजरेने टिपलं. 'मे महिन्यात कंदील? हा फोटो दिवाळीतला आहे. म्हणजे बाबुराव खोटं बोलले. मग त्या संध्याकाळी ते होते कुठे?' पोस्ट अशी काही पसरली, की विचारू नका. म्हाताऱ्याला लोकांनी नाव ठेवलं, कंदीलवाला. एका क्राइम चॅनेलने तिला बोलावलं. दुकानदाराचा हा व्हिडिओ तिथेच दाखवायचा होता. पहिल्यांदाच दवाखान्याबाहेर कुणीतरी तिचं खरं नाव घेणार होतं, आणि तिला ते हवं होतं.

आता मेघनाला कळायला अजून वेळ आहे, पण तुमच्यापासून कशाला लपवू? संघर्ष हा बाबुरावांचाच नातू. त्या पोस्टनंतर बाबुरावांनी चाळीखालच्या पिंपळापाशी पेपर वाचत बसणं सोडलं होतं. येणारे-जाणारे मोबाइल रोखायचे. तीस वर्षांनी, नव्याने, ते खुनी ठरले होते. दुकानात 'दुर्बीण' हे नाव ऐकल्यावर कडकडून भांडायचं, असंच संघर्षने ठरवलं होतं. पण ती कॅमेऱ्याकडे बघून हसली... आणि सगळा घोटाळा झाला.

मग ते भेटू लागले. तो लोअर परळच्या टॉवरमधल्या लिफ्टा सांभाळायचा. ज्या गिरणीत आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे, तिच्याच जागेवर तो टॉवर उभा होता. काम संपलं की दादरला यायचा आणि दोघं कोकम सरबत घेऊन स्टेशनबाहेरच्या कठड्याला टेकायची. त्याच्या बोटांना हल्ली सतत खळीचा चिकटपणा असायचा. ग्लास देताना मेघनाला तो जाणवला, पण तिने विचारलं नाही. तो हात थोडा जास्त वेळ हातात राहिला, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

"एक सांगू? हसणार नाहीस?" एकदा ती म्हणाली. "ग्रुपवर एक जण होता. 'तिसरा मजला' नाव. मी काहीही लिहिलं, की याचं उलट ठरलेलं! आता एकदम गप्प झालाय. आणि मला ना... करमत नाही."

संघर्षला जोरात ठसका लागला.

"अरे, हळू! काय झालं?"

"काही नाही. कोकम... आंबट आहे." त्याने तोंड पुसलं. "काय म्हणायचा तो?"

"मूर्खासारखे प्रश्न. म्हणे, कंदील फक्त दिवाळीतच लावतात का? मी लिहिलं, नाही, होळीला पण लावतात! अरे, इतके लोक हसले..."

तीही हसली. तो हसला नाही. समोरच्या गर्दीकडे बघत राहिला.

"मेघना, तो चॅनेलवाला इंटरव्ह्यू... पौर्णिमेपर्यंत थांबशील?"

"का?"

"मी मागतोय म्हणून."

असं कुणी मागितलं, तर काय करायचं माणसाने? ती थांबली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी संघर्षने दिलेल्या पत्त्यावर ती परळला पोचली. तिच्या स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. कितीदा तरी ती त्या फाटकावरून गेली होती, आत मात्र आज पहिल्यांदाच आली होती. आत पाऊल टाकलं आणि ती जागीच थबकली.

तिन्ही मजल्यांवर कंदील. निळे, पांढरे, पंचरंगी. कुणाच्या चांदण्या, कुणाची कमळं, वैशाखाच्या गरम वाऱ्यावर हलके हलके झुलत होती. अंगणातल्या विहारातून वंदनेचे सूर येत होते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका खिरीच्या वाट्या घेऊन या दारातून त्या दारात चालल्या होत्या.

"बुद्धपौर्णिमा," संघर्ष तिच्याशेजारी येऊन उभा राहिला होता. पांढरा सदरा, बोटांना खळ. "आमच्याकडे दर वर्षी लावतात. घरीच बांधतो आम्ही. तो पडद्याचा रॉड आठवतो? बांबूच्या काड्या आणि कागद होता."

मेघनाने वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचा नक्षीदार कठडा, कोपऱ्यातला तो वाकडा खांब... तो फोटो तिने इतक्या वेळा मोठा करून पाहिला होता, की चुकायची सोयच नव्हती.

"तिसरा मजला," ती पुटपुटली. "तू... आणि ते..."

"आजोबा आहेत माझे."

तिचे डोळे भरून आले, आणि सगळ्यात आधी तिला त्याचाच राग आला. "सरळ सांगायचंस ना! इतके दिवस माझी मजा बघत होतास?"

"सांगितलं होतं की. विचारलं होतं, फक्त दिवाळीतच लावतात का?" त्याचा आवाज अजूनही तितकाच हळू होता. "मला वाटलं, शंभरातला एक तरी उलटून विचारेल, मग अजून कधी लावतात? कुणीच नाही विचारलं, मेघना. सगळे हसले."

पाठ फिरवून निघून जावं, असं एकदा मेघनाच्या मनात आलं. मग ती जिन्याकडे वळली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली.

बाबुराव गॅलरीत खुर्चीवर बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, जाड भिंगांचा चष्मा. "जय भीम," ते म्हणाले. ती "नमस्कार" म्हणाली आणि वाकून त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. मोबाइल तिने पर्समध्ये खोल टाकला होता.

"आजोबा, मीच ती... कंदिलाचं लिहिणारी."

आत भांडी वाजत होती, ती थांबली.

"कंदील कधी कधी लावता तुम्ही?" तिने विचारलं.

"आजच्या दिवशी. बाबासाहेबांच्या जयंतीला. पोर पास झालं तरी लावतो आम्ही," ते म्हणाले. मग कंदिलाकडे बघून सावकाश बोलू लागले. "गणपत दर वर्षी यायचा या दिवशी. फोटो काढायचा. पैसे देऊ केले, की शिव्या घालायचा. त्या दिवशी त्याने खिरीची दुसरी वाटी मागितली. टोप रिकामा झालेला. मी म्हटलं, उद्या ये रे, पुन्हा करू खीर." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही लोक एवढं लिहिता, पोरी. माझा दोस्त गेला होता, ते कुणी लिहीत नाही."

मेघना रडली, आणि तिने ते लपवलं नाही. संघर्ष दारात उभा होता. आतून त्याची आई, जाईबाई, आली. तिने मेघनाच्या हातात खिरीची वाटी ठेवली.

घरी जाऊन मेघनाने चॅनेलला नकार कळवला. मग ग्रुपवर लिहिलं: 'मी चुकले. तो फोटो बुद्धपौर्णिमेचाच आहे. बाबुराव खरं बोलले होते. ही चाळ माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. आणि गणपत त्यांचा मित्र होता.' ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच तिला फाडून खाल्लं. काहींनी माफीही मागितली. गणपतचा खुनी मात्र तेव्हाही सापडला नव्हता, आजही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर हजर.

"जय भीम, आजोबा. पेपर वाचायला खाली चलता?"

"फोटो काढतात गं लोक."

"काढू देत. मी शेजारी बसते. दोघांचा येईल."

बाबुराव हसले. काठी घेऊन, एकेक पायरी करत, तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली आले. पिंपळाखालच्या बाकावर बसून त्यांनी पेपर उघडला. समोरच्या पानवाल्याने लांबूनच हात केला.

संघर्ष कामावरून आला तो फाटकातच थांबला. आजोबांना त्या बाकावर बघून त्याचा चेहरा असा काही झाला, की मेघनाला पुढे होऊन त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण चाळ होती, सगळ्या गॅलऱ्या बघत होत्या. ती नुसती सरकून बसली. तो तिच्या शेजारी टेकला.

"रागावलीयस अजून?"

"थोडीशी. आणि तू?"

"आधी तुझ्या पोस्ट राग आणायला वाचायचो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मग राग यायचं बंद झालं... वाचायचं बंद होईना. आवडतेस तू मला, मेघना. दुकानात भेटायच्या आधीपासून."

बाकावर ठेवलेल्या त्याच्या चिकट बोटांवर तिने आपली बोटं ठेवली आणि काढली नाहीत.

"दिवाळीला येऊ?" तो आणखी हळू म्हणाला. "तुमच्याकडे कंदील बांधायला?"

"दिवाळी?" मेघनाने डोळे मोठे केले. "दिवाळीपर्यंत कोण थांबणार? अरे, कंदील फक्त दिवाळीतच लावतात का?"

संघर्ष इतक्या मोठ्याने हसला, की आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. बाबुरावांनी पेपर थोडा खाली केला, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.