पातेऱ्यातलं माहेर

चौकोन क्रमांक चारशे सतराचा आकडा काही केल्या जुळत नव्हता.

कडेताप संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत भिंतभर पडद्यावर अधिवासपट उघडलेला होता. सह्याद्रीच्या पायथ्याची चाळीस गावं शंभर-शंभर मीटरच्या चौकोनांत वाटलेली होती आणि जिथे गोचीड जास्त, तो चौकोन जास्त लाल. हा पट डॉ. इरावती धारप यांनी बारा वर्षांपूर्वी तयार केला होता. त्याच्याच आधारावर प्रत्येक गावाभोवती निर्गोचीड पट्टा आखला गेला. गाव आणि रान यांच्यामधली दोनशे मीटर जागा मोकळी करायची, झुडपं तोडायची, झाडांखाली साठलेला वाळक्या पानांचा पातेरा यंत्रांनी गोळा करून जाळायचा. सावली आणि ओल गेली की गोचीड जगत नाहीत. गोचीड नाहीत तर त्यांच्या चाव्यातून येणारा कडेतापही नाही, असा साधा हिशेब होता.

बारा वर्षांत गोचीड दहा टक्क्यांवर आले. ताप मात्र निम्म्यावर येऊन अडला आणि गेली तीन वर्षं पुन्हा वाढत होता. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

चारशे सतरा हा सगळ्या पटातला सर्वांत लाल चौकोन. शिरंगवणे गावाच्या वर, रानाला चिकटून असलेलं एकच घर. विषाणुतज्ज्ञ डॉ. इम्तियाझ शिरगावकर यांनी तिथले तीनशे बारा गोचीड तपासले होते. एकातही विषाणू नव्हता. त्यांनी रसायनं बदलून पुन्हा तपासले, मग तिसऱ्यांदा. उत्तर तेच आलं. इरावती म्हणाली, प्रत्यक्ष जाऊन पाहू.

घर द्वारका गावडे यांचं होतं. साठी उलटलेल्या, नवरा वारलेला, एक गाय. दोघं पोचली तेव्हा त्या भांडी पोत्यात भरत होत्या. निर्गोचीड पट्ट्याच्या मोहिमेने त्यांना नोटीस दिली होती. घर अतिलाल चौकोनात असल्यामुळे पंधरा तारखेपर्यंत त्यांनी शिरंगवण्यात राहायला जायचं होतं. त्या नोटिशीवर सही इरावतीचीच होती. द्वारकाबाईंनी ती ओळखली असावी, तरी त्यांनी आधी पाणी दिलं, मग कोकम सरबत.

तशी त्यांना जायची ओढही होती. त्यांची एकुलती एक मुलगी ओवी शिरंगवण्यात दिलेली होती आणि तिला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण लाल चौकोनातल्या घरी गरोदर बाईला कोण पाठवणार? म्हणून आईच लेकीकडे निघाली होती.

इम्तियाझनी विचारलं की त्यांनी पट्ट्याची यंत्रं आपल्या आवारात का येऊ दिली नाहीत. द्वारकाबाई त्यांना घरामागे घेऊन गेल्या. तिथे पाऊल बुडेल एवढा पातेरा होता. त्याच्याखाली त्यांचे करांदे होते. यंत्राने पानांबरोबर वेलही उपटले असते. कंद खायचे तर पातेरा ठेवायला हवा, एवढंच त्यांचं कारण होतं.

इम्तियाझनी काठीने पानं बाजूला केली. तांबूस, गुळगुळीत अंगाची एक सापसुरळी चमकून पुढच्या पानाखाली गेली. मग दुसरी, मग तिच्यामागे तीन. दुपारपर्यंत त्यांनी वीस पकडल्या, भिंगाखाली पाहिल्या. जवळजवळ प्रत्येकीच्या कानामागे गोचिडाची बारीक पिल्लं चिकटलेली होती. सापसुरळीच्या रक्ताचा थेंब त्यांनी विषाणूच्या द्रावणात टाकला आणि तासाभराने हातातला विषाणुशोधक इरावतीपुढे धरला. द्रावणात जिवंत विषाणू उरला नव्हता.

"गोचीड जन्मतो तेव्हा स्वच्छच असतो," ते म्हणाले. "पहिलं रक्त तो कुणाचं पितो, यावर सगळं आहे. उंदराचं प्यायला तर विषाणू घेऊन उठतो. सापसुरळीचं प्यायला तर स्वच्छच राहतो, आणि आधीचा विषाणू असला तर तोही धुऊन निघतो."

"आणि आपण पातेरा जाळला."

"सापसुरळ्या गेल्या. उंदरांना पातेरा लागत नाही, ते कणगीतही राहतात. आपण गोचीड कमी केले, इरावती. पण जे उरले, त्या सगळ्यांना उंदरांवर जेवायला लावलं."

इरावती ओट्यावर बसली. बारा वर्षं तिने गोचीड मोजले होते. त्यांनी काय खाल्लं, हे तिच्या पटात कुठेच नव्हतं.

जाण्यापूर्वी त्यांनी द्वारकाबाईंचं रक्त तपासलं. त्यात कडेतापाची प्रतिपिंडं नव्हती, एकही नाही. साठ वर्षं गोचीड चावून घेतलेल्या बाईच्या रक्ताला या रोगाची ओळखच नव्हती. शिरंगवण्यात निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडत. लहानपणी तिथे ताप सौम्य येऊन जाई आणि पुढे जन्मभर राखण करी.

इरावतीने त्यांना समजावून सांगितलं की नोटीस आपण रद्द करतो, त्यांनी इथून हलू नये. इथले शंभर गोचीड चावले तरी काही होणार नाही, पण शिरंगवण्यातला एक चावला तर तो त्यांच्या शरीरावरचा पहिलाच हल्ला असेल, आणि या वयात तो झेपायचा नाही.

द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं. हातातली परात त्यांनी पोत्यातून परत काढली आणि तशीच धरून ठेवली.

"माझा ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "पण ओवी हयसरच वाढली. तिच्या रगतात काय आसतला?"

या प्रश्नापर्यंत दोघा शास्त्रज्ञांपैकी कुणीच पोचलं नव्हतं. ओवी चौदा महिने शिरंगवण्यात राहत होती, मोहिमेच्या सर्वांत स्वच्छ गावात, पोटात बाळ घेऊन.

गाडीत द्वारकाबाई मागे बसल्या. रस्ता पाच किलोमीटरचा होता.

ओवीच्या सासरचं घर नव्यासारखं होतं, अंगणात पान दिसणार नाही इतकं झाडलेलं. तिची सासू अश्विनी परब यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि येण्याचं कारण ऐकून जरा हसल्या. आमच्याकडे चार वर्षांत गोचीड दिसलेला नाही, त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. दिसत नसल्यामुळे कुणी बघतही नव्हतं.

द्वारकाबाईंनी लेकीला खिडकीपाशी बसवलं आणि तिची वेणी सोडली. माहेरी रोज संध्याकाळी तेल लावताना त्या तिचं डोकं असंच तपासत. त्यांची बोटं मानेवरून केसांत गेली आणि डाव्या कानामागे थांबली. तिथे तिळाएवढा काळा ठिपका होता.

इम्तियाझनी चिमट्याने तो अलगद काढून विषाणुशोधकात ठेवला. दिवा तांबडा झाला.

गोचीड फुगलेला नव्हता, म्हणजे चिकटून एखादाच दिवस झाला असावा. बाधा होऊन बरे झालेल्या माणसांच्या रक्तापासून काढलेला प्रतिपिंडरस चाव्यापासून तीन दिवसांच्या आत टोचला, तर ताप अडवता येतो. ताप भरल्यावर मात्र तो उपयोगी पडत नाही. केंद्राच्या गाडीत त्याच्या दोन कुप्या होत्या. ओवीने दंड पुढे केला आणि विचारलं, "बाळाक काय होवचा नाय ना?" इम्तियाझ म्हणाले की हा रस बाळालाही राखेल.

पुढचे दहा दिवस ओवी केंद्राच्या रुग्णालयात होती. द्वारकाबाई खाटेजवळ चटईवर झोपत आणि दर दोन तासांनी, परिचारिकेच्या आधी, तिच्या कपाळाला हात लावत. कपाळ थंडच राहिलं. अकराव्या दिवशी ओवीला घरी सोडायची वेळ आली आणि कुठल्या घरी, हा प्रश्न उभा राहिला. प्रतिपिंडरसाचा असर महिनाभरच टिकणार होता.

इरावतीने तिला चारशे सतरामध्ये पाठवायचं ठरवलं. परवानगीच्या कागदावर, मोहिमेच्या नियमाविरुद्ध, स्वतःचं नाव घातलं. अश्विनीताईंना ते पटेना. तिथे गवताच्या प्रत्येक पात्यावर गोचीड असतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"बाई, तुमच्या पोटचा चेडू आसता, तर तुमी धाडला आसतास?"

इरावतीला मूल नव्हतं. तिच्याकडे तीनशे बारा गोचीड आणि वीस सापसुरळ्या एवढाच पुरावा होता. ती म्हणाली, "माझ्याही रक्तात प्रतिपिंडं नाहीत. बाळंत होईपर्यंत मी तिथेच राहते. माझ्या अंगाची आग झाली, तर तिला लगेच हलवा."

ती नऊ आठवडे राहिली. ओसरीवर तिने कामाचा पडदा मांडला आणि अधिवासपट मुळापासून नव्याने लिहायला घेतला. पायांना खाज सुटायची, घोट्यांवर गाठी यायच्या. पहिल्या चाव्याच्या वेळी ती सबंध आठवडा स्वतःची नाडी मोजत होती. पुढे ते सुटलं. संध्याकाळी द्वारकाबाई लेकीची वेणी झाली की इरावतीलाही समोर बसायला सांगत आणि तिच्या केसांतून बोटं फिरवत. इतक्या वर्षांत कुणी तिला तेल लावलं नव्हतं. ओवीने तिला करांदे उकडायला शिकवलं. ताप कुणालाच आला नाही. मुलगी झाली तेव्हा सुईण आणि डॉक्टर दोघी होत्या, पण तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते आजीने.

बारशाला अश्विनीताई आल्या. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, घरी कधी न्यायची? सगळे इम्तियाझकडे बघू लागले. त्यांनी खरं ते सांगितलं. या मुलीच्या रक्तालाही रोगाची ओळख होणार नाही. ती इथे वाढेल तितकी बाहेर असुरक्षित होत जाईल. लस अजून दूर होती. शिरंगवण्यातले गोचीड जोवर असेच आहेत, तोवर ती तिथे राहू शकणार नाही.

अश्विनीताईंनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे गोचीड बदलूक व्हये?"

"हो."

"आणि त्याच्यासाठी काय करूक व्हया?"

"काही करायचं नाही," इरावती म्हणाली. "झाडायचं थांबवायचं. जाळायचं थांबवायचं. ओढ्याच्या कडेने सापसुरळ्या आपण होऊन खाली येतील."

गावाला हे पटवणं सोपं नव्हतं. बारा वर्षं ज्या मोहिमेने घरोघर जाऊन झाडायला शिकवलं, तिनेच आता उलटं सांगायचं होतं. इरावतीने ग्रामसभेत उभं राहून आपली चूक सांगितली. लोक चिडले, आणि तिला ते रास्तच वाटलं. अश्विनीताई मात्र घरोघर गेल्या. त्यांच्याजवळ पडद्यावरचे आकडे नव्हते, पण घरात रिकामा पाळणा होता, आणि तो त्यांनी येईल त्याला दाखवला. पहिल्या वर्षी नऊ घरांनी पातेरा ठेवला, दुसऱ्या वर्षी साठ. तोवर पातेरा नीट साठला नव्हता, म्हणून सगळे अंग झाकून राहत आणि रोज एकमेकांना तपासत. ओवीचा नवरा दर संध्याकाळी डोंगर चढून मुलीला भेटायला जाई.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी केंद्रात अश्विनीताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "बाई, आज आंगणात अकरा गोचीड गावले."

इम्तियाझनी तपासले. नऊ स्वच्छ होते, दोन बाधित. त्यांनी सांगितलं की अजून नाही.

पुढच्या वर्षी अश्विनीताईंनी स्वतः गोचीड वेचून डबीत भरून पाठवले. एकशे चाळीस होते. एवढे गोचीड शिरंगवण्यात मोहिमेपूर्वीही कुणी पाहिले नव्हते. इम्तियाझनी दोन दिवस खर्चून ते एकेक तपासले, मग पुन्हा एकदा सगळे, आणि इरावतीच्या टेबलावर कागद ठेवला. बाधितांच्या रकान्यात शून्य होतं.

इरावतीने शिरंगवण्याला फोन लावला. पलीकडे अश्विनीताई होत्या.

"घरी घेऊन या तिला," इरावती म्हणाली.