कोण कोणाकडे बघतं

दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला.

पडद्यावर नुकतीच एक बाई नवऱ्यासमोर गुडघे टेकून बसली होती. मान खाली, हातात ताट. मी डोळे पुसत होते आणि हा खुशाल हसत होता. मी मागे वळून असं काही बघितलं, की माझ्या वर्गातल्या मुली असत्या तर बाकाखाली गेल्या असत्या. तो जागचा हलला नाही. उन्हाने रापलेला, उंच, मांडीवर ओली छत्री आडवी धरलेला. माझ्याकडे बघून त्याने मान किंचित तिरकी केली... जणू चुकतेय ती मीच.

सत्त्याऐंशी सालचा भाद्रपद होता. आमच्या रत्नागिरीच्या फिल्म सर्कलचे जेमतेम चाळीस सभासद. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात खिडक्यांना काळे पडदे लावायचे आणि मुंबईहून एसटीने आलेला एखादा परदेशी चित्रपट बघायचा. सोमवारच्या गाडीने तो परत. त्या वेळी आला होता नायजेरियाचा. खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, सोबत येणारं माहितीपत्रकही आलं नव्हतं. भाषा कोणालाच कळत नव्हती, पण आम्ही सर्कलवाले, न कळलेल्या चित्रपटावरही तासभर बोलू शकायचो.

गोष्ट मला कळली ती अशी. एका शाळामास्तराची नोकरी जाते. त्याची बायको बाजारात कापड विकायला बसते, मास्तर घरी चूल सांभाळतो. एक दिवस तो स्वतः रांधलेलं अन्न डोक्यावर घेऊन भर बाजारातून तिच्यापर्यंत जातो. मग पडद्यावर दोन शब्द झळकले, सगळ्यांना वाटलं मध्यंतर झालं, आणि आम्ही उठून चहा प्यायलो. मध्यंतरानंतर घरात भांडणं, रिकामी मडकी, आणि शेवटी ती बाई नवऱ्यापुढे गुडघ्यांवर. संपलं.

मी पेटले होते. चित्रपट बाईला बाजारापर्यंत नेतो आणि पुन्हा गुडघ्यांवर आणून बसवतो, हा माझा मुद्दा. पुण्याहून कोणीतरी आणलेल्या चक्रमुद्रित टिपणांतून मी एक पद्धत शिकले होते. वहीत तीन रकाने आखायचे: कोण बघतं, कोणाकडे बघतं, आणि कॅमेरा किती उंचावर आहे. अंधारात पेन्सिलीने खरडलेल्या त्या रकान्यांवरून मी दोन रात्रींत वीस पानी निबंध लिहून काढला. ‘नजर पुरुषाची, गुडघे बाईचे’ असं नावही देऊन टाकलं.

निबंधाला घाई होती, कारण पुढच्याच रविवारी पुण्याहून चित्रपट शिकवणाऱ्या एक पाहुण्या बाई येणार होत्या. सर्कलच्या सभासदांचे निबंध ऐकून त्या एकाला जानेवारीतल्या चित्रपट-अभ्यासाच्या वर्गासाठी निवडणार होत्या. आणि आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं: निवड झाली तर खुशाल पुण्याला जा. नाही झाली तर दिवाळीनंतर स्थळं बघायला लागायचं, मग कुरकुर चालणार नाही. शाळेत सहा वर्षं शिकवत होते मी, पण साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन परक्या माणसांपुढे जायचं नुसतं मनात आलं तरी मी वही उघडून बसायचे.

बुधवारी संध्याकाळी वाचनालयात निबंध पक्का करत बसले होते, तर समोरच्या बाकावर तोच. हातात आठवड्यापूर्वीचं वर्तमानपत्र, आणि डोळे काही त्यात नव्हते.

मी सरळ विचारलं, “त्या दिवशी हसलात कशाला?”

“सांगितलं तर रागवाल.”

“रागावलेलीच आहे.”

“मग सांगतो.” त्याने पेपराची नीट घडी घातली. “बाई, तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा पिक्चर अर्धाच झालेला. तो मधला रीळ. शेवटचा रीळ दाखवून झाला आणि तुम्ही सगळे उठून चहाला गेलात. ते मध्यंतर नव्हतं... ‘समाप्त’ होतं ते.”

त्याचं नाव आत्माराम शिवलकर. जवळच्या पावस गावचा. बोटीवर इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालणारा ऑइलर होता आणि दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. गेल्या वर्षी त्यांची बोट दुरुस्तीसाठी नायजेरियात लागोसला सव्वा महिना अडकली होती. तिथे बंदराबाहेर तळलेली केळी विकणाऱ्या एका बाईच्या घरच्यांबरोबर त्याने हाच चित्रपट दोनदा बघितला होता, आणि ती बाई त्याला शेजारी बसून सगळं सांगत होती. इथे वाचनालयाच्या पाटीवर तेच नाव दिसलं म्हणून तो आत येऊन बसला होता.

माझा विश्वास बसेना. आम्ही दोघं तसेच सखारामकाकांकडे गेलो. काका जन्मभर तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवत आलेले, आता आमचा प्रोजेक्टर सांभाळायचे. त्यांनी आधी हात झटकले, मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. “आगो बाय, शनिवारी जरा उघडीप मिळाली ना. डब्यांना बुरशी धरत होती म्हणून झाकणां काढून पडवीत सुकत घातलीव. नंबर काय ते झाकणांवरच...”

परत बसवताना दोन आणि तीनची झाकणं बदलली होती. कोकणात राहायचं तर पापडांपासून पादत्राणांपर्यंत सगळं वाळवायची सवय लागते, काकांनी चित्रपट वाळवला. तीनही डबे सोमवारच्या गाडीने मुंबईला गेले होते, आणि माझा वीस पानी निबंध उलट्या गोष्टीवर उभा होता.

बाहेर पडताना मला रडू येत होतं, ते मी रागात ढकललं. “आता तुम्ही गप्प बसलात तर कोणाला कळणार नाही,” मी म्हणाले.

“मी गप्प बसेन की,” तो म्हणाला. “तुम्हाला जमेल काय?”

मला जमणार नव्हतं. कसं कोण जाणे, चार दिवसांच्या ओळखीत त्याला ते कळलं होतं. मला त्याचा फार राग आला, आणि घरी पोचेपर्यंत मी त्याच्याबद्दलच विचार करत होते.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून, त्याने मला तो चित्रपट पहिल्यापासून सांगितला आणि मी नवे रकाने भरले. सर आली की त्याची छत्री आधी वहीवर यायची, मग माझ्यावर. स्वतः तो भिजायचा. समुद्रावर राहणाऱ्याला पावसाचं काय, असं वर म्हणायचा.

गुडघे टेकण्याचंही त्याने सांगितलं. तिकडे बायका मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात, आपल्याकडे वाकतात तसं. ती बाई गुडघ्यांवर बसून नवऱ्याला सांगत असते, की उद्यापासून मी बाजारात बसणार. परवानगी मागत नाही, सांगते. “तिथे सगळं थेटर टाळ्या पिटत होतं,” तो म्हणाला. “तुम्हीपण पिटल्यात, पण रडत.”

“तरी कॅमेरा वरून बघत होता,” मी हट्टाने म्हणाले. “नवऱ्याच्या उंचीवरून. ती काहीही सांगत असो, आपल्याला ती खालीच दिसते. तुमच्या लक्षात आलं होतं?”

त्याने कबूल केलं, “नाय. मी कॅमेऱ्याकडे कुठे बघतोय, मी त्या बाईकडे बघत होतो.”

“तेच तर. कॅमेऱ्याने बघायला लावलं म्हणून.”

“आणि आता कोण लावतंय?”

मी वहीतून डोकं वर काढलं. तो माझ्याकडे बघत होता, अगदी सावकाश, लपवाछपवी न करता... माझी पेन्सिल हातातून निसटली आणि दगडांच्या फटीत गेली. त्याने स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं. मी काय लिहिलं ते मला आजही वाचता येत नाही.

शेवटच्या रिळातलं एक वाक्य त्याने तीनदा म्हणून दाखवलं. मास्तर डोक्यावरचं भांडं उतरवून ठेवतो आणि बायकोला म्हणतो, “ए कू इशे.” तिकडे काम करत असलेल्या माणसाला मान देऊन असं म्हणतात. तुमचं काम मला दिसतंय, एवढाच त्याचा भाव. “इंजिनरूममध्ये आठ वर्षं झाली,” आत्माराम म्हणाला. “मला ते कोणी म्हटलं असेल तर त्या केळीवालीनेच.”

शनिवारी उठताना त्याने हळूच सांगितलं, की रजेत आईने त्याला तीन मुली दाखवल्या. त्याने तिन्ही वेळा पोहे खाल्ले आणि जमिनीकडे बघितलं. बोटीवरच्या माणसांची लग्नं अशीच होतात, रजा संपायच्या आत. “त्या पोरी मान खाली घालून, मीपण खाली घालून. बघितलं कोणी कोणाला?” अजून दहा दिवसांनी त्याला बोटीवर हजर व्हायचं होतं. मी वही मिटली.

रविवारी सभागृह भरलं होतं. आबा पहिल्या रांगेत, तो शेवटच्या. पुण्याच्या पाहुण्या बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. मी आधी जुना निबंध वाचला, जसाच्या तसा, सगळ्या आगीसकट. मग कागद बाजूला ठेवले आणि सांगितलं, की आपण रिळं उलटी बघितली. काकांचं नाव घेतलं नाही.

सभागृहात कुजबुज झाली. मी पुढे बोलत राहिले. तेच गुडघे, तेच ताट, तोच कॅमेरा. नुसता क्रम बदलला आणि बाईचा विजय आपल्याला तिची हार दिसली. आणि चाळीसजणांत एकालाही शंका आली नाही, मला तर नाहीच. कारण बाई शेवटी गुडघ्यांवर येणार हे आपण घरूनच ठरवून आलो होतो. कॅमेरा वरून बघतो हे मी वहीत लिहिलं होतं. मी कुठून बघते, हे लिहायला रकानाच नव्हता.

एवढं बोलून मी खाली बसले. पुणं गेलं हे मी मनाशी मान्य करून टाकलं होतं.

पाहुण्या बाईंनी बाकीचे दोन निबंधही ऐकले. मग उठून म्हणाल्या, की जानेवारीत येताना गरम कपडे आणा, तुमच्या रत्नागिरीत थंडी ठाऊक नसते. मला अर्थ लागायच्या आधी आबा टाळ्या वाजवायला लागले होते.

गर्दी ओसरल्यावर तो दारात उभा होता. छत्री बंद, बाहेर ऊन. मी म्हणाले, माझी निवड झाली, म्हणजे आता मला कोणी बघायला येणार नाही.

“ते कळलं मला,” तो म्हणाला. आणि प्रथमच त्याने जमिनीकडे बघितलं. “मी येणारच होतो... आईला सांगून ठेवलेलं.”

माझ्या आत काहीतरी असं उसळलं, की मला हसू आवरेना. एवढं सुख मला पूर्वी कधी झालं नव्हतं, हे मी इथे सरळ सांगून टाकते. “तुम्ही नका येऊ,” मी म्हणाले. “मी येते तुम्हाला बघायला. गुरुवारी. पोहे तुम्ही करा.”

आबांनी हो म्हणायला एक दिवस घेतला. काशीआत्याने, त्यांच्या बहिणीने, एक मिनिटही घेतलं नाही; तिला चाळीस वर्षांपूर्वी पाचजणांनी बघून नाकारलं होतं. पावसला त्याची आई, गोदूबाई, पदर तोंडाशी धरून दारातच उभी होती. “असलं काय मी जन्मात बघितलं नाय,” असं पुटपुटत तिने आम्हाला बसवलं, पण खुर्च्यांवर नव्या चादरी घातल्या होत्या.

तो ट्रे घेऊन आला तेव्हा कप वाजत होते. आत्याने मजा सोडली नाही. स्वयंपाक कितपत येतो, राग येतो का, जरा खिडकीपर्यंत चालून दाखव, सगळं विचारलं. बोटीवर सहाजणांचं जेवण केलंय, असं सांगत तो खिडकीपर्यंत चालून आला. आबा तोंड लपवून हसत होते. मग तो ट्रे घेऊन माझ्यापुढे आला आणि वाकला.

मी खुर्चीत, तो खाली वाकलेला. त्याचा भांग मला वरून दिसत होता, आणि कानामागे चुकून राहिलेला साबणाचा फेस. चार दिवस मी या क्षणाची वाट बघत होते. आणि आता बघताना मला ते बरं वाटेना. गंमत होती तोवर ठीक होतं.

मी उठून उभी राहिले. तोही सरळ झाला. आमच्या दोघांच्या मध्ये तो ट्रे, त्यावर पाच कप आणि जरा करपलेले पोहे.

“ए कू इशे,” मी म्हणाले.

त्याचे डोळे भरून आले. “दहा महिन्यांनी येतोय मी,” तो हळूच म्हणाला. “तू पुण्याहून ये. मग बघू... कोण कोणाला न्यायला येतं ते.”

मी हो म्हटलं, आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातातला ट्रे एका बाजूने धरला.

परतीच्या एसटीत मी वही उघडली. कोण बघतं: दोघं. कोणाकडे: एकमेकांकडे. तिसऱ्या रकान्यापाशी गाडीला हादरा बसला, तरी अक्षर नीट आलं. उंची: सारखी.