हरीसातल्या मिरच्या

मुंधिर कादंबरीची शेवटची प्रुफं जेवणाच्या टेबलावर ठेवून अंघोळीला गेला आणि वसीलाने ती उचलली. भावाची सक्त ताकीद होती, हात लावायचा नाही. पण त्या पानांत आई होती...

कादंबरी साडेसातशे वर्षांपूर्वी फ्रेंचांनी ट्युनिसला घातलेल्या वेढ्याची. त्यातली जैनब म्हणजे त्यांची आईच, हे घरात कुणी न सांगताही ठाऊक होतं. भीतीने गल्ली चिडीचूप झालेली असताना जैनब उंबऱ्यात बसून लाल मिरच्या कुटते, मुलासाठी हरीसा करते...

वसीला त्या ओळीवरच थांबली. मिरची या किनाऱ्याला लागली ती त्यानंतर अडीचशे वर्षांनी. जुन्या ग्रंथात हरीसा वाचली की ट्युनिसच्या माणसाला आपली लाल चटणीच दिसते. तेव्हाची हरीसा म्हणजे गहू आणि मांस शिजवून, घोटून केलेली लापशी.

सांगावं की गप्प बसावं? संध्याकाळी पानं छापखान्यात जाणार होती. मागे तिने एक तारीख सुधारली, तर त्याने कितीतरी दिवस अबोला धरला होता. आणि नाही सांगितलं, तर लोक हसतील... आईच्या हातांना हसतील.

मुंधिर केस पुसत बाहेर आला. "वाचलंस ना? तोंडच सांगतंय. काढा चुका, मास्तरीणबाई."

तिने चाचरत सांगितलं. तो आधी हसला, मग घाईघाईने पानं उलटू लागला. मिरच्या पानोपानी होत्या.

"त्या काढल्या तर उरतं काय, ताई? तिची लाल बोटं सोडली तर मला तिचं काही आठवत नाही. शेवटची सगळी वर्षं तुला मिळाली. मला एवढीच आई उरलीय, तीही तू घेतेस."

मिळाली... फ्रान्समधल्या ल्याँच्या विद्यापीठातली जागा सोडून ती आजारी आईपाशी राहिली होती, म्हणून तो निर्धास्त परदेशी गेला होता. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आजही ती ते बोलली नाही.

"मलाही नाही मिळाली रे," ती म्हणाली. "शेवटी ती मला ओळखायचीच नाही. पाणी पाजलं की विचारायची, मुंधिर, तूच ना? मी म्हणायचे, हो आई, मीच."

तो खुर्चीत बसला. ओल्या केसांतलं पाणी पानांवर ठिबकत होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"एकदाही नाही सांगितलंस, की तू वसीला आहेस?"

"तिला बरं वाटायचं."

मग त्याने छापखान्यात फोन करून पानं आज येणार नाहीत असं कळवलं, आणि पहिलं पान तिच्यापुढे सरकवलं.

"माझ्या जैनबला मुलगीच नाहीये," तो म्हणाला. "कशी सुचली नाही मला... तिचं नाव काय ठेवू, ताई?"

वसीलाने डोळे पुसले.

"कुठलंही ठेव. फक्त तिच्या आईला ते आठवू दे."