पश्चिमेकडची पानं

त्याच्या घरात मी पहिल्यांदा शिरले ती चुकून. नुसती शिरले नाही, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि कप हुडकता हुडकता मोठ्यानं म्हटलं, "घर सोडून जाताना माणसानं निदान आपले मोजे तरी न्यावेत!" मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले होते.

"ते अजून ओले आहेत," मागून आवाज आला.

दारात एक उंच माणूस उभा होता. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बाह्या दुमडलेल्या आणि हातांना जांभळट डाग.

"तुम्ही कोण?" वर मीच विचारलं.

"मी... इथे राहतो."

तेव्हा उलगडा झाला. वायनरीचं ते बैठं घर मधोमध भिंत घालून दोघांसाठी केलेलं होतं आणि दोन्ही कुलुपं एकाच किल्लीनं उघडत होती. माझं घर डावीकडचं, मी उघडलं उजवीकडचं. मी घाईघाईनं बॅग उचलायला गेले, तर तो म्हणाला, "आता उकळलाच आहे, तर पिऊनच जा. साखर किती घातलीत?"

"दोन चमचे."

"वाटलंच. बागवाली माणसं साखरेशिवाय दुसरं काही मोजतच नाहीत."

"आणि तळघरवाली?"

"आम्ही चव घेतो," तो म्हणाला. चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "...फारच गोड."

तो तिथला वाइन करणारा मुख्य माणूस होता. कामगार त्याला पिंपमास्तर म्हणत. आणि मी द्राक्षबागेची नवी व्यवस्थापक. आठ वर्षं मी दुसऱ्या मुलखात, ढगाळ आणि सदा ओल्या टेकड्यांवरच्या बागेत, दुसऱ्याच्या हाताखाली राबले होते. इथे पहिल्यांदाच सगळी बाग माझ्या ताब्यात मिळाली होती. मात्र अट होती, एका हंगामाची. काढणी झाली की मला ठेवायचं की परत पाठवायचं, हे मालकीणबाई ठरवणार. परत जायचं म्हणजे पुन्हा त्याच साहेबाच्या मागे वही घेऊन फिरायचं, आणि ते मला मुळीच नको होतं.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी पिंपमास्तरांना स्पष्ट सांगून टाकलं. "हे बघा, बाग माझी, तळघर तुमचं. तुम्ही बागेत लुडबूड करायची नाही, मी तळघरात करणार नाही."

"सल्लासुद्धा नाही द्यायचा?"

"मागितला तर द्या."

"तुमच्या चेहऱ्यावरून तसा प्रसंग येईलसं वाटत नाही," तो म्हणाला. हसला, पण कबूल झाला. आणि आमचं बरं चाललं. सकाळी कुंपणापाशी भेटलो की तो हवेबद्दल बोलायचा, मी वेलींबद्दल. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचं भांडं पडल्याचा आवाज आला की मी भिंतीवर टकटक करून विचारायची, "काय सांडलं?" तो सांगायचा. बहुतेक वेळा डाळच असायची.

मण्यांना रंग चढू लागला आणि मी पानं काढायचं काम धरलं. घडांच्या आसपासची पानं खुडली की वारा खेळतो, बुरशी धरत नाही. आमच्या ओल्या टेकड्यांवर ओळीच्या दोन्ही बाजूंची पानं काढायचो. उतारावरच्या अठरा ओळी सगळ्यांत जुन्या, तिथूनच सुरुवात केली. मुकादम मावशी खुडता खुडता थांबल्या.

"बाई, पूर्वेची काढू. पश्चिमेची राहू द्या. इथलं दुपारचं ऊन वाईट."

"मावशी, आठ वर्षं हेच करतेय मी," मी म्हटलं. आज तो स्वर आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मावशींनी पदर खोचला आणि पश्चिमेचीही पानं काढली. दुपारी पिंपमास्तर तिथून गेला. थांबला. उघड्या पडलेल्या घडांकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, मला हात केला आणि निघून गेला. माणूस शब्दाचा पक्का आहे, असं वाटून मला बरंच वाटलं.

मग चार दिवस ऊन भाजून काढत होतं. पाचव्या दिवशी उतारावर गेले. पश्चिमेच्या अंगाचे घड होरपळले होते. मणी तपकिरी, एका बाजूनं खड्डा पडलेले, साल चामड्यासारखी. पूर्वेच्या अंगाचे तेवढे टवटवीत. मी ओळीत मटकन बसले. किती वेळ बसले कोण जाणे, वर पाहिलं तर रबरी बूट.

"वाईट आहे," तो म्हणाला. "पण वाटलं होतं तेवढं नाही."

"वाटलं होतं?" मी उठलेच. "म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"...हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सल्ला मागितला नव्हतात."

"मी काहीही म्हणेन हो! म्हणून तुम्ही मूग गिळून निघून जायचं?"

"नको होतं जायला," तो हळू आवाजात म्हणाला. "चार दिवस झोप नाही लागली. रोज सकाळी पहिल्यांदा आकाशाकडे बघत होतो, ढग येतात का म्हणून. तुम्ही रागवाल याची भीती वाटली. तुम्ही कुंपणापाशी थांबणं बंद कराल, याची."

मी एक जळका घड तोडून हातात घेतला. आणि म्हटलं, "मी मालकीणबाईंकडे चाललेय. सांगायला."

"थांबा. मीही येतो."

"तुम्ही कशाला?"

"अर्धी चूक माझी आहे. ती तुम्ही एकटीनं का न्यायची?"

मालकीणबाई शेडमध्ये बाटल्यांना लेबलं चिकटवत होत्या. साठी उलटलेली बाई, पण एक लेबल तिरकं लागेल तर शपथ. मी जळका घड त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. मावशी नको म्हणाल्या होत्या, तेही सांगितलं. त्यांनी एक मणी चावला, तळहातावर थुंकला आणि पिंपमास्तराकडे वळल्या.

"तू कुठे होतास?"

"पाहिलं मी. गप्प बसलो. आमचं... ठरलं होतं तसं."

"बालवाडीत आहात का दोघं?" बाईंनी हात पुसले. "उद्यापासून सकाळी सातला दोघांनी मिळून सगळी बाग फिरायची. एकत्र. बोलत. आणि तुझं काय करायचं," हे मला, "ते काढणीनंतर बघू."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही फिरू लागलो. पहिले दोन दिवस मी फुगूनच होते. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या तळहातावर एक मणी ठेवला. "यातलं बी चावून बघा."

"कडू आहे."

"मऊ की कडक?"

"मऊ."

"म्हणजे अजून वेळ आहे. कचकन वाजलं पाहिजे. तुमच्या साखर मोजायच्या नळीत ते दिसत नाही."

मग मी त्याला वेल तारेला कशी बांधायची ते शिकवलं, कारण त्याच्या हातून दर वेळी कोवळी डिरी मोडायची. सुट्टी झाल्यावर तो लहान कात्री घेऊन उतारावर यायचा आणि मी, मावशी आणि तो, तिघं मिळून घडांतले जळके मणी एकेक करून कापायचो. बोटं चिकट व्हायची. मावशी आम्हाला एका ओळीत सोडून मुद्दाम तीन ओळी पलीकडे जायच्या आणि तिथून खाकरायच्या.

एकदा तो एकदम म्हणाला, "हलू नका."

मी हलले नाही. त्यानं हात पुढे केला, माझ्या कानामागच्या केसांना बोटं लागली...

"अळी," तो म्हणाला आणि ती पानावर ठेवली.

"एवढंच?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला? मला काय वाटायचंय?" मी कात्री इतकी जोरात चालवली की चांगला घड खाली पडला.

त्या रविवारी आईचा फोन आला. मागून त्याचं हसणं ऐकू आलं असावं.

"कोण गं तिथे?"

"तळघरवाले."

"तळघरात राहतो?"

"काम करतात गं, आई."

"अहो-जाहो करतेस म्हणजे अजून काही नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात निराशा होती.

पण होतं. तो नवी पिंपं बघायला दोन दिवस परगावी गेला, तेव्हा ते मला कळलं. मी एकटीच उतारावर गेले, मणी तोंडात टाकला, बी चावलं आणि ते कचकन वाजलं. "वाजलं!" असं म्हणत मी शेजारी वळले, तर शेजारी कोणीच नव्हतं. मला त्या माणसावर प्रेम जडलं होतं. आता यात लपवण्यासारखं काही नाही, पण तेव्हा मी लपवलं. ज्या जागी आपण राहणार की नाही हेच ठाऊक नाही, तिथे जीव गुंतवून पुन्हा तो सोडवत बसायचा कशाला? परत गेले तर नुसती बाग जाणार नव्हती.

काढणी झाली. उतारावरच्या ओळींचा माल थोडा आला, पण स्वच्छ आला. द्राक्षं पिळायच्या प्रेसचा आवाज थांबला तशी बाग एकदम सुनी वाटू लागली. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता.

"मुदत संपत आली की दुसऱ्या विभागप्रमुखाचा अहवाल घेते मी. तुझा अहवाल पिंपमास्तरानं द्यायचा होता. तीन आठवडे मागतेय, काल दिला." त्यांनी चष्मा लावला. "कामातलं ज्ञान, रिकामं. वागणूक, रिकामी. शेरा... थांब, वाचते. 'यांच्याबद्दल मत देण्यास मी पात्र नाही. माझं यांच्यावर प्रेम आहे, त्यामुळे मत निःपक्षपाती राहणार नाही. दुसऱ्या कोणाला विचारावे, ही विनंती.' खाली सही."

माझे कान तापले. आणि खरं सांगते, पहिला विचार प्रेमाचा आलाच नाही. या शहाण्यानं माझी नोकरी घालवली, असंच वाटलं.

"मग मी मावशीला विचारलं," बाई पुढे म्हणाल्या. "ती म्हणाली, आली तेव्हा ऐकत नव्हती, आता ऐकते. मला तेवढं पुरे. तू राहतेस. बाग तुझी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आभार मानायला लागले, तर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"पण हा असा अर्धवट मी फाइलला लावणार नाही. खाली बघ. 'संबंधित कर्मचाऱ्याचे म्हणणे.' तो रकाना कोण भरणार? जा, भरून आण."

मी कागद घेऊन तळघरात गेले. तो पाइप धरून प्रेस धूत होता. मला पाहिलं, हातातला कागद पाहिला आणि पाणी आपल्याच बुटांवर सोडत उभा राहिला.

"हे काय लिहिलंत?"

"खरं तेच."

"चांगल्या दोन ओळी लिहिता येत नव्हत्या? माझी नोकरी टांगणीला होती!"

"लिहिल्या होत्या. चार वेळा. दर वेळी वाचून बघितलं की लग्नाच्या स्थळाची माहिती दिल्यासारखं वाटायचं. कष्टाळू, मनमिळाऊ, स्वभावानं जरा तापट..."

"तापट?"

"ते मग खोडलं."

"आणि बाईंनी मला परत पाठवलं असतं तर?"

त्यानं पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या त्या ओल्या टेकड्यांवरच्या तळघराला पत्र टाकून ठेवलंय. माणूस लागतो का म्हणून. अजून उत्तर नाही आलं."

वीस वर्षं जपलेलं तळघर हा माणूस सोडायला निघाला होता आणि मला कानोकान खबर नव्हती.

"त्यांना कळवा, येत नाही म्हणून," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्याच्या खिशातलं पेन काढलं, कागद एका पिंपावर ठेवला, रकाना भरला, सही केली आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं ओला हात शर्टाला पुसून कागद घेतला.

"मान्य," त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "...फक्त मान्य?"

"रकाना लहान आहे. बाकीचं तोंडी सांगते. आधी ते पाणी बंद कर."

त्यानं पाणी बंद केलं. मग मी सांगितलं.