घणाआधीचा ठोका

शुभांगीला त्या दिवशी दिवेलागणीच्या आत भंडाऱ्याला घरी पोचायचं होतं, बाकी डोक्यात काही नव्हतं. मोहाडीच्या पलीकडे एका टेकाडाखाली मँगनीजची जुनी खाण आहे. फार वर्षांपूर्वी तिच्यात पाणी फुटलं आणि ती तशीच बुडून राहिली. आता तिच्या शेजारून नवा बोगदा अर्धाअधिक खणून झाला होता. जुन्या पाण्यात आणि नव्या बोगद्यात खडकाची भिंत किती जाड उरली आहे, एवढं शुभांगीने सांगायचं. तिने हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांची टोळी आत उतरणार होती. टोळीचा मुकादम तिचाच मामेभाऊ, भुपेंद्र. पहिलीच मुकादमी, त्यामुळे गडी नुसता हवेत होता.

आता खडकाच्या पोटातलं वरून कसं कळतं, म्हणाल, तर ते सोपं आहे. जमिनीवर लोखंडी पाट ठेवायचा, त्यावर घण मारायचा, आणि ओळीने रोवलेली यंत्रं जमिनीला कान लावून बसतात. अखंड खडकातून हादरा सुसाट पळतो. भेगाळलेल्या, पाणी मुरलेल्या खडकात त्याचा दम निघतो, तो रेंगाळत जातो. पुढे मोकळं पाणीच लागलं की थोडा माघारी फिरतो. तो कधी परतला त्यावरून पाणी किती लांब आहे, हे शुभांगीचं गणित सांगे. या गणितात तिचा हात धरणारं नागपुरापर्यंत कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊकही होतं.

घण मारायला भुपेंद्र स्वतःच उभा राहिला होता. त्याची एक खोड होती. मोठा घाव घालण्याआधी तो पाटाला घण एकदा हलकेच टेकवायचा. टक्... मग धाड. देवळात शिरताना घंटेला हात लावावा तसं. यंत्र त्या टक्‌नेच जागं होई आणि सगळी नोंद वाया जाई. शुभांगी वैतागली.

"ते टक् करू नको म्हटलं न तुले."

"हात ऐकत नाही ताई. आता नाही करत."

आणि खरंच, त्यानंतर त्याने ते एकदाही केलं नाही. तेवढं ध्यानात ठेवा.

शिवारात धानाची मळणी चालू होती. दुपारी मळणीयंत्र जेवणासाठी थांबलं आणि सगळीकडे एकदम चूप झालं. पाखरूसुद्धा बोलेना. ऐन उन्हात टेकाडाकडून ओल्या गंजाचा वास येऊ लागला. शुभांगीला अशीच शांतता हवी होती. तिने पहिली फेरी घेतली. पडद्यावर घणाचा घाव उमटला आणि बराच वेळ गेल्यावर एक बारीकशी परतलेली लाट दिसली. म्हणजे पाणी लांब होतं, भिंत चांगली जाडजूड होती. तिचा जीव भांड्यात पडला.

खात्री असावी म्हणून तिने दुसरी फेरी घेतली. ती बारीक लाट थोडी लवकर आली. तिसऱ्या फेरीत आणखी लवकर. खडक तर काही चालत नाही. तिने तारा तपासल्या, बॅटरी बदलली, पाट दुसरीकडे हलवला. भुपेंद्रला पुन्हा घण मारायला लावून आणखी फेऱ्या घेतल्या.

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून उषाबाई आल्या, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. यांचे मालक केशवराव जुन्या खाणीत राहिले ते राहिलेच, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भारा खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, घण कोण मारून राहिला. मग आपणहूनच सांगू लागल्या. खाण चालू होती तेव्हा खालचे लोक भिंतीवर ठोका मारत, वरच्या माणसाने लगेच ठोकून जबाब द्यायचा. प्रत्येकाचा ठोका निराळा, बायकासुद्धा वरून ओळखत. पाणी फुटलं त्या दिवशी खालून खूप ठोके आले होते.

"वरचे सारे पळाले बाई. जबाब कोणीच नाही देला."

शुभांगी हो मावशी, हो मावशी म्हणाली आणि पडद्याकडे वळली. भुपेंद्र दूर मोहाच्या झाडाखाली डबा खात बसला होता. घण पाटाजवळ आडवा पडला होता. आणि पडद्यावरच्या रेषा हलल्या. आधी एक लहान लाट, मग एक मोठी. नव्या बोगद्याच्या तोंडाशी रोवलेल्या यंत्रांना ती जोडी सर्वांत आधी लागली होती. पुन्हा आली, आणि या वेळी तिच्या तळपायांना कळली.

टक्... धाड.

तिने घाईघाईने शेवटच्या फेरीची नोंद उघडली. यंत्र घाव पडण्याच्या किंचित आधीचंही टिपून ठेवतं. तिथे, भुपेंद्रचा घण पाटावर आदळण्याच्या आधी, तीच जोडी उभी होती. बारीक लाट फेरीगणिक अलीकडे सरकत आता घावाच्याही आधी जाऊन बसली होती. तो हात कुणाचा, हे सांगायला तिला गणित लागलं नाही. ती भयंकर घाबरली. भुपेंद्र समोर बसून वांग्याची भाजी खात होता, आणि भुपेंद्रच खालून भिंत ठोकत होता.

ती त्याच्यापाशी गेली.

"उद्या आत जाऊ नको..."

"काहून? भिंत पातळ आहे काय?"

पहिल्या फेरीचं गणित अजून पडद्यावर होतं, भिंत जाड असल्याचं सांगणारं. शुभांगी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गणिताविरुद्ध बोलली. "हो. पातळ आहे."

भुपेंद्र चिडला. माणसं बोलावून ठेवली, आता त्यांना काय तोंड दाखवू, म्हणाला. तिने ऐकलं नाही, खाणीच्या साहेबांना फोन लावून काम थांबवलं आणि भराभर सामान गाडीत कोंबलं. उषाबाई बांधावर तशाच उभ्या होत्या.

"जबाब न देता चालल्या काय?"

शुभांगीने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत फुटली. नवा बोगदा छतापर्यंत भरला, पण आत माणूस नव्हता. भुपेंद्र पेढे घेऊन आला आणि तिच्या पायाच पडला. सगळ्यांनी तिच्या गणिताची वाहवा केली. तिला मात्र कितीतरी दिवस नीट झोप आली नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी ती घरी स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. भुपेंद्रचा फोन आला. पवनीकडे आहे म्हणाला, ओळखीच्या एकाच्या विहिरीत मोटार अडकली आहे. बोलणं चालू असतानाच तिच्या खालच्या फरशीतून आवाज आला. टक्... धाड. ओट्यावरचं झाकण थरथरलं.

"भुपेंद्र... तू खाली उतरला काय?"

"नाही न ताई. वरतेच आहो. आता उतरून राहिलो."

"उतरू नको. ऐक माझं, उतरू..."

फोनमध्ये नुसती खरखर झाली आणि तो बंद पडला. तिने पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. खालून पुन्हा ठोका आला. तेव्हा मात्र तिला उषाबाई आठवल्या. तिने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि फरशीवर हाणला, पुन्हा हाणला, फरशीला तडा जाईपर्यंत हाणत राहिली. मग आडवी होऊन तिने कान फरशीला लावला.

बराच वेळ काही नाही. मग खालून जबाब आला. सावकाश, जड ठोका, त्यात टक् नव्हतं. मग दुसऱ्या कुणाचा तरी, घाईचा. मग आणखी एकाचा. उषाबाईंनी सांगितलं होतं तसा ज्याचा त्याचा निराळा, एकामागून एक, येतच राहिले.

त्यात भुपेंद्रचा आहे का, हे कळेपर्यंत तिने कान उचलला नाही.