आडवी मान

ढापणी आणि तिचा आतेभाऊ लांब्या बसस्थानकातल्या खांबाआड उभे राहून तिसऱ्या खिडकीवर नजर ठेवून होते. खिडकीवर पाटी होती, ‘हरवले-सापडले’. आत्याच्या शिवणाच्या दुकानात दोन महिन्यांपूर्वी परदेशातून कामाला आलेल्या मावशी रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे जात, हातवारे करत आणि रिकाम्या हाताने परतत. आजही तेच झालं.

ढापणी सुट्टीत आत्याकडे राहायला आली होती, कारण तिची आई दूरदेशी इस्पितळात नर्स होती आणि तिला यंदाही रजा मिळाली नव्हती. तिथे आईलाही कुणी असंच खिडकीवरून परत पाठवत असेल का, हे काही तिच्या डोक्यातून जाईना.

मावशी गेल्यावर दोघं खिडकीशी पोचले. आतले काका वैतागलेलेच होते. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी एक निळी पिशवी काढून दाखवली होती. तुमचीच का, विचारलं, तर बाईंनी चांगली दोनदा मान हलवून नाही म्हटलं. वहीत तशी नोंदही झाली. तरी रोज दारात हजर! शनिवारी सगळं बेवारस सामान गाडीत भरून जाणार, की ही कटकट एकदाची मिटेल. आणि आज गुरुवार होता.

"पिशवी त्यांची नाहीच, तर रोज खेपा कशाला घालतात?" लांब्या चक्रावला.

दुकानात परतले, तर आत्या मावशींपुढे चहा धरून उभी होती. मावशींनी मान आडवी हलवली. आत्या कप घेऊन वळली, आणि ढापणीला दिसलं, मावशींची नजर त्या कपामागोमाग पार दाराआडपर्यंत गेली. नको म्हटलेल्या चहाकडे असं कुणी बघतं का?

मावशींना इथल्या भाषेतले मोजकेच शब्द येत, सुई, दोरा, कात्री. हो-नाहीचं काम त्या मानेवर भागवत. ढापणीने कात्री उचलून विचारलं, "कात्री?" मान आडवी. तीच कात्री दाखवून पुन्हा विचारलं, "सुई?" मान खालीवर. लांब्या हसायला गेला, तेवढ्यात त्याच्याही लक्षात आलं. मावशींच्या देशात मानेचा कारभारच उलटा होता.

शुक्रवारी दोघं मावशींना घेऊन खिडकीवर गेले. वहीत लिहिलं ते लिहिलं, असं म्हणून काकांनी हात झटकले. मग ढापणी अगदी साळसूदपणे म्हणाली, "काका, हातातलं पेन दाखवून विचारा ना, ही सुई का?"

काकांनी विचारलं. मावशींनी भराभर मान खालीवर केली.

"बघा, यांना सुईसुद्धा ओळखता येत नाही."

"काका, त्या शिवणकाम करतात. आता ही दाखवून विचारा." ढापणीने खिशातली सुई पुढे केली. या वेळी मान आडवी गेली.

काकांनी सुईकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, वहीकडे तर बराच वेळ पाहिलं. मग ते आत गेले आणि पिशवी घेऊन आले.

पिशवीत कपडे होते आणि तळाशी एक पिवळी फीत. मावशींनी फितीचं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं कमरेपर्यंत वर नेलं आणि आपल्या भाषेतला एकच शब्द दोनदा उच्चारला. त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. इतक्या उंचीचं त्यांचं लेकरू मागे देशात राहिलं होतं. काकांनी वहीतली ओळ खोडली आणि मावशींसमोर हात जोडले.

सगळं ऐकून आत्या मटकन स्टुलावर बसली. "दोन महिने मी हिचा चहा परत नेतेय. मला मेलीला दिसलं नाही, ते तुम्हा पोरांना दिसलं. शहाणी गं माझी बाळं."

संध्याकाळी मावशी छोटासा फ्रॉक बेतत होत्या. ढापणी फितीचं रीळ घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, तिला भिंतीशी सरळ उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत फीत धरली आणि कापली.

ढापणीला आईला मोठं पत्र लिहायचं होतं, पण फितीची घडी पाकिटात घातल्यावर एकच ओळ सुचली. "आई, मी एवढी झाले."